किती जणांना शिक्षा लावलीत?

लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर, सगळीकडे हाच प्रश्न येतो: “साहेब, आतापर्यंत किती जणांना शिक्षा लावलीत?” तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षा न्यायाधीश देतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्हाला जाणून घ्यायचं असतं की हा सरकारी वकील जिंकतो किती आणि हरतो किती. तो हिशेब मी ठेवत नाही आणि माझ्या हाताखालच्या वकिलांनाही ठेवू देत नाही. सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलानेच चालवायचा, असं कायदा सांगतो. पण आम्ही फिर्यादीचे वकील नाही आणि पोलिसांचे तर नाहीच. आपल्याकडे हे पचायला वेळ लागला. मॅजिस्ट्रेट कोर्टातले अभियोक्ते, म्हणजे तिथले सरकारी वकील, 1973 ची दंडप्रक्रिया संहिता आल्यावरही वर्षानुवर्षं पोलीस खात्याच्याच अखत्यारीत होते. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये त्यांचं केडर, म्हणजे सेवावर्ग, पोलिसांपासून वेगळं करायला सांगितलं. ते योग्यच झालं. ज्याच्या हातात आपली बदली, त्याच्या तपासातल्या त्रुटी कोण बोलून दाखवेल?

खटला माझ्या युक्तिवादावर उभा राहतो, असं लोकांना वाटतं. तो उभा राहतो पंचावर, म्हणजे जप्तीच्या वेळी हजर राहून सही करणाऱ्या माणसावर, आणि साक्षीदारावर. पैरवी अंमलदार, म्हणजे कोर्टाचं काम बघणारा पोलीस, सकाळी साक्षीदाराला घेऊन येतो. बहुतेक वेळा शेतमजूर, नाहीतर हातगाडीवाला. घटनेला पाच-सहा वर्षं होऊन गेलेली. दिवसाचा रोज बुडालेला, आणि आरोपीचे नातेवाईक त्याच बाकावर शेजारी बसलेले. काय बोलायचं ते मी त्याला सांगत नाही. न्यायाधीश कुठे बसतात, उलटतपास म्हणजे काय, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायला घाबरायचं नाही, एवढंच सांगतो.

मग मुद्देमालाचं पाकीट उघडतं. खाकी कागद, लाखेचं सील, आत गंजलेला कोयता, आणि लेबलावर दोन पंचांच्या सह्या. मी विचारतो, “ही सही तुमचीच ना?” “हो.” “ती केली तेव्हा काय घडलं होतं?” पंच खाली बघतो. “पोलिसांनी ठाण्यात बोलावलं, कागदावर सही करायला सांगितली, केली.” आरोपीने स्वतः चालत जाऊन झुडपातून हत्यार काढून दिलं, या पोलिसांच्या म्हणण्याचा पाया तिथेच खचतो. कोर्टाची परवानगी घेऊन मी आपल्याच साक्षीदाराला उलट प्रश्न विचारतो. तो फितूर झाला, असं वर्तमानपत्रात येतं. पण तो आधी खोटं बोलला की आता बोलतोय, हे दर वेळी मलाही सांगता येत नाही. पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब पुरावाही नसतो. कोर्टातल्या साक्षीशी त्याची विसंगती दाखवण्यापुरताच तो मला वापरता येतो. तरी फितूर साक्षीदाराची सगळीच साक्ष वाया जात नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय घेऊ शकतं. म्हणून मी चिडून खाली बसत नाही. निदान तो त्या दिवशी गावात होता, प्रेत त्याने पाहिलं होतं, एवढं तरी रेकॉर्डवर आणतो.

दंडप्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटने नोंदवायलाच हवा, असंही तीत आहे. मला याचं फार मोल वाटतं. पंचाची सही कोऱ्या कागदावर होती की नाही, हा वाद मोबाइलमधल्या चित्रीकरणाने मिटू शकतो. अर्थात ते चित्रीकरण वेळेत आणि धडपणे कोर्टात पोहोचलं, तर.

आता आरोपी सुटतो तेव्हाचं. कधी कधी कागद वाचता वाचता माझ्याच लक्षात येतं की ओळखपरेडच्या आधीच साक्षीदाराने आरोपीला ठाण्यात पाहिलं होतं, म्हणजे त्या ओळखीला अर्थ उरला नाही. हे दडपायचं नाही, हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम आहे, मग कायद्याच्या पुस्तकात त्याला नंबर असो वा नसो. मयताची आई बाहेर व्हरांड्यात बसलेली असते. तिला ‘पुरावा कमी पडला’ असं म्हणून निघून जाणं मला जमत नाही. मी तिच्याजवळ बसतो, निकालाचे मुद्दे साध्या भाषेत सांगतो. अपिलाला जागा असेल तर तसा अभिप्राय पाठवतो, नसेल तर तेही तिला त्याच दिवशी स्पष्ट सांगतो.

तुमच्यापैकी कुणाला कधी साक्षीचं समन्स आलं, तर टाळू नका. सरकारी वकिलाच्या कार्यालयात जरा लवकर या, भीती वाटत असेल तर तीही सांगा. साक्षीदार संरक्षण योजनेखाली संरक्षणासाठी अर्ज करता येतो, आणि तो करायला आम्ही मदत करतो. प्रवासाचा भत्ताही मिळतो. साक्ष संपल्यावर मागून घ्या, लाजू नका.