काकूंची चिठ्ठी

बँकॉकमधली शेवटची सकाळ. ग्रुपच्या बॅगा लॉबीत उतरत होत्या. सांगलीच्या काकूंनी मला बाजूला घेतलं. "सर, हे हँडबॅगेत चालेल, की मोठ्या बॅगेत टाकू?" हातात काचेची छोटी बरणी. आत गांजाची फुलं.

आदल्या संध्याकाळी खाओसान रोडवर घेतलेली. गुडघ्यांसाठी. "चोरून नाही आणलं हो, डॉक्टरांची चिठ्ठी आहे!"

चिठ्ठी खरंच होती. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. तेव्हाचे आरोग्यमंत्री अनुतिन चार्नवीराकुल लोकांना दहा लाख रोपं वाटायला निघाले होते. पण विक्रीवर लगाम घालणारा कायदा काही संसदेत मंजूर झाला नाही. माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला. गल्लोगल्ली हिरव्या पानांच्या पाट्या झळकल्या. जून २०२५ पासून मात्र फुलं फक्त चिठ्ठीवर, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांपुरती. मग काही दुकानांत चिठ्ठी देणाराच येऊन बसला. काकूंना त्याने दोन प्रश्न विचारले: गुडघे दुखतात का, रात्री झोप मोडते का. साठीच्या पुढे याला 'नाही' म्हणणारं माणूस निदान माझ्या टूरवर तरी आलेलं नाही.

"काकू, ही चिठ्ठी मुंबईत चालत नाही. आणि इथूनही माल असा बाहेर नेता येत नाही."

"अहो, शिवरात्रीला भांग पितातच की लोक!"

आता लॉबीत उभं राहून एनडीपीएस, म्हणजे आपला अमली पदार्थांचा कायदा शिकवणं आलं. भांग पानांची; १९८५ च्या त्या कायद्यात नुसती पानं गांजात मोजत नाहीत, फुलांचे शेंडे मोजतात. एक किलोच्या आत असला तरी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय बँकॉकहून येणाऱ्यांच्या बॅगांतून मुंबई कस्टम्सने इतका हायड्रोपोनिक (मातीविना, पाण्यावर वाढवलेला) गांजा पकडलाय, की या विमानाकडे त्यांचं लक्ष असणारच.

कैद म्हटल्यावर काका खुर्चीत बसले.

आमच्या थाई गाइडला हसू आवरेना. तिची आजी नूडल्सच्या रश्शात गांजाची पानं टाकायची म्हणे. पण बरणी पाहून तीही म्हणाली, "एअरपोर्ट, नो."

दुकानदाराने फोनवर पैसे परत द्यायला नकार दिला. शेवटी काका बरणी घेऊन खोलीत गेले आणि संडासात रिकामी करून आले. बाराशे थाई बात (तिथलं चलन) पाण्यात. काकूंनी शेजारच्या सेव्हन-इलेव्हनमधून हिरवा बाम घेतला.

बसमध्ये चढता चढता मला विचारतात, "ती चिठ्ठी तरी नेऊ का? आमच्या डॉक्टरांना दाखवते."




"फाडा," मी म्हटलं.