ल्योंचा चक्का, नीसची पाटवडी

आई ६८ वर्षांची, जन्मभर शाकाहारी. केकमधल्या अंड्याला तिची हरकत नसते, पण शेजारच्या ताटात मासा दिसला तरी तिचा घास अडतो. फ्रान्सला निघालो तेव्हा मावशीने मेतकूट, दशम्या आणि गूळपोळ्यांची पिशवी भरून दिली होती. पॅरिसचे चार दिवस त्या पिशवीवर आणि लोणी लावलेल्या ‘बागेत’ या लांबट पावावर निघाले. पाव सुंदर होता, पण पॅरिसमधलं एकही जेवण मला आठवत नाही.

ल्योंला पोचलो ते दुपारी अडीचला. तिकडे दुपारचं जेवण १२ ते २. दोनला गॅस बंद म्हणजे बंद. तीन दारांवरून परत फिरलो. आई काही बोलली नाही, फक्त पिशवीतली शेवटची गूळपोळी अर्धी करून माझ्या हातात दिली.

रात्री एका ‘बूशों’त गेलो. बूशों म्हणजे ल्योंची खास खानावळ. चौकड्याचे टेबलक्लॉथ, टेबलं एकमेकांना खेटून आणि फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, बहुतेक सगळे डुकराचे नाहीतर माशाचे. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘साँ व्यांद, साँ प्वासाँ’, मांस नको, मासे नकोत. वाढणाऱ्या बाईंनी आईकडे पाहिलं आणि एक पांढरी वाटी आणून ठेवली. नाव ‘सेर्व्हेल द कानू’, विणकराचा मेंदू! आईने हात मागे घेतला. म्हटलं, “अगं, नुसतं नाव आहे. ताजं चीज आहे, आपल्या चक्क्यासारखं.”

त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, हिरव्या पाती, थोडं तेल, व्हिनेगर, मिरपूड. आईने पावाला लावून खाल्लं. मग दुसऱ्यांदा घेतलं. “साखरेऐवजी लसूण घातलेलं श्रीखंड,” ती म्हणाली, आणि वाटी स्वतःकडे ओढली.

कानू म्हणजे ल्योंचे रेशीम विणणारे. क्रुआ-रूसच्या टेकडीवर त्यांची वस्ती, उंच छतांची घरं, कारण आत जाकारचा, म्हणजे नक्षी विणणारा उंच माग मावायला हवा. १८३१ साली मजुरीच्या दरासाठी ते रस्त्यावर उतरले होते. दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढताना आई प्रत्येक उंच खिडकीपाशी थांबत होती. तिचे वडील इचलकरंजीला मागावर बसायचे.

ल्योंचं आणखी एक मला फार भावलं. मोठ्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या, आणि लोक त्यांना ‘मेर’ म्हणजे आई म्हणू लागले. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांच्या दोन्ही खानावळींना १९३३ साली मिशलॅं या खानावळींना तारे देणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकाचे तीन-तीन तारे मिळाले. पॉल बोक्यूझसारखा नावाजलेला शेफ त्यांच्याच हाताखाली शिकला.

गोडात तिथे गुलाबी प्रालिनचा टार्ट. बदामांवर साखरेच्या पाकाची पुटं चढवत चढवत त्यांना खडबडीत गुलाबी कवच आणतात. मला तर थेट संक्रांतीचा काटेरी हलवाच आठवला. ते बदाम कुटून सायीत शिजवतात आणि टार्टच्या पारीत ओततात. दाताखाली कडक बदाम, भोवती चिकट, लालभडक गोडवा. एक तुकडा दोघींना पुरून उरतो.

पण आई खरी रमली ती नीसला. जुन्या गावातल्या गल्लीत लाकडाच्या भट्टीतून हात-दीड हात रुंद तांब्याची परात बाहेर आली. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, एवढंच. कडा करपलेल्या, मधे मऊ. उलथन्याने खरवडून कागदावर देतात, वर भरपूर मिरपूड. याला म्हणतात सोका. १८६० साली फ्रान्सकडे येण्याआधी नीस सार्डिनियाच्या राज्यात होतं, आणि पलीकडे इटलीत जेनोआला हाच पदार्थ फरिनाता म्हणून खातात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “धिरडं. पण तव्यावर हे असं होणार नाही, भट्टीच हवी.” त्याच पिठाचं दुसरं रूप पानिस: पीठ पाण्यात घोटून घट्ट शिजवायचं, बशीत थापून गार करायचं, कापून तळायचं. म्हणजे आपली पाटवडीच, फोडणीशिवाय. त्या दिवशी आम्ही रात्रीचं जेवलोच नाही.

शेवटच्या सकाळी कूर सालेयाच्या बाजारात ‘तूर्त द ब्लेत’ घेतला. ब्लेत ही पालकासारखी, जाड देठाची पालेभाजी. तिची पानं, बेदाणे, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे आणि साखर पारीत भरून भाजतात, वर पिठीसाखर. पालेभाजीचं गोड! मला पहिला घास जरा उग्र लागला, दुसरा आवडला. आईने मात्र खाणं थांबवून विचारलं, “हिला विचार गं, कडूपणा कसा घालवतात?”

माझं फ्रेंच तिथवर पोचत नव्हतं. मी पानाकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं. विकणाऱ्या बाई लगेच समजल्या. त्यांनी चार बोटं दाखवली, चार पाण्यांत धुवायची, आणि मग दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून हवेत जोरात पिळलं. आईनेही तशाच मुठी केल्या आणि तसंच पिळून दाखवलं, मेथी पिळते तसं.