आबांच्या पाटीने खाल्लेले दोन पत्रे

धुळ्यात पारोळा रोडला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, शेड, हीच कामं. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून सीएनसी प्लाझ्मा टेबल घेतलं (कॉम्प्युटरवरच्या चित्राबरहुकूम विजेच्या ज्योतीने पत्रा कापणारं मशीन) आणि डिझाइनची गेटं बरी निघायला लागली. त्यामुळे अमळनेरकडचे एक आबा मळ्यातल्या घरासाठी पाटी करायची म्हणाले तेव्हा मी फार विचार न करता दर सांगून टाकला. वर सहा इंची अक्षरांत ‘आनंदबन’, भोवतालचा पत्रा काढून टाकलेली, नुसती चौकटीला धरलेली अक्षरं. खालच्या पट्टीत दोन इंची अक्षरांत ‘आईच्या स्मरणार्थ’, आरपार कापलेलं. पत्रा २ एमएम, एमएस म्हणजे साधं लोखंड.

पहिला पत्रा वरच्याच ओळीत गेला. स्क्रीनवर शब्द अखंड दिसत होता. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या अंगावर थोडंसं चढतं. मशीनला हे कोण सांगणार? तिने प्रत्येक अक्षराची कड इमानदारीने कापली, सांध्यावर शिरोरेषासुद्धा. आ, न, द, ब… एकेक अक्षर टपाटप टेबलाखालच्या ट्रेमधल्या पाण्यात. अनुस्वार तर इतका बारीक की लोहचुंबक फिरवून गाळातून काढावा लागला. मी शिकलो ते सगळे व्हिडिओ इंग्रजी पाट्यांचे. त्यांची अक्षरं मुळातच सुटी, त्यांना हा ताप नाही.

आता इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचा पाथ (नुसत्या कडांच्या रेषा) केला की आधी सगळ्याचं ‘युनियन’ करतो, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार. शिरोरेषा दोन्ही बाजूंनी ताणून थेट चौकटीत घुसवली. सगळा शब्द तिच्यावरच लोंबतो. अनुस्वाराला वरच्या चौकटीपासून पाच एमएमचा देठ दिला. लांबून फांदीला बोर लागल्यासारखं दिसतं, आणि ते शोभलंही.

दुसऱ्या पत्र्यावर वरची ओळ झकास आली. खालच्या ओळीचा मात्र लगदा झाला. च, म, थ यांची पोटं, म्हणजे आतले बंद भाग, पडणार हे ठाऊक होतं, म्हणून प्रत्येकाला बाकीच्या पत्र्याशी धरून ठेवणारे एक एमएमचे दोन-दोन पूल ठेवले होते. कापाची रुंदी व्हर्नियरने मोजली तर दीड एमएम भरली. म्हणजे दीड एमएमच्या ज्योतीसमोर एक एमएमचा पूल! उष्णतेने सगळे वितळले. रफार म्हणजे नुसतं भोक. कोपऱ्याकोपऱ्यावर कड जळालेली, मागून स्लॅगचे, म्हणजे वितळून थिजलेल्या लोखंडाचे गोळे.

पोऱ्या म्हणाला, “दादा, अँपिअर वाढवू का?” उलटंच करायचं होतं. ज्योत जिथून बाहेर पडते ते ४५ अँपिअरचं नोझल काढून बारीक कामाचं ३० चं लावलं. नोझल तेच ठेवून नुसते अँपिअर कमी केले असते तर काप बारीक झाला नसता. पूल अडीच एमएमचे केले. कापाच्या रुंदीत जाणाऱ्या पत्र्याची भरपाई सॉफ्टवेअरमध्ये नव्याने मोजून टाकली.

जळालेल्या कोपऱ्यांचं कारण शोधण्यात दोन दिवस गेले. वळणावर मशीन हळू होते, काप रुंदावतो, आर्कचं, म्हणजे त्या ज्योतीचं व्होल्टेज वाढतं. व्होल्टेजवरून उंची सांभाळणाऱ्या कंट्रोलला वाटतं टॉर्च (ज्योत फेकणारं मशीनचं तोंड) वर गेली, म्हणून तो तिला खाली दाबतो. लहान अक्षरांत तर सगळी वळणंच. मग त्या ओळीपुरता तो कंट्रोल बंद ठेवला, पत्रा चारही बाजूंनी घट्ट दाबला आणि उंची दीड एमएमवर कायम केली.

कापायची दिशाही पाहावी लागते. माझ्या टॉर्चमध्ये हवेचा भोवरा असा फिरतो की जाण्याच्या दिशेच्या उजवीकडची कड सरळ येते, डावीकडची तिरपी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि आतली भोकं उलटी. आधी आतलं, शेवटी बाहेरचं.

एवढं करूनही तिसऱ्या दिवशी ज्योत हिरवी मारायला लागली. टॉर्चमधला इलेक्ट्रोड, जिथून आर्क निघतो तो, काढला तर टोकाला खोल खड्डा. दिवस श्रावणातले, टॉर्चला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची टाकी कित्येक दिवस रिकामी केलेली नव्हती. खालचा कॉक उघडला तर तांबूस पाण्याची पिचकारी सरळ माझ्या पँटवर. हवेतलं ते पाणी इलेक्ट्रोड खात होतं. नवा इलेक्ट्रोड टाकला, टॉर्चच्या अलीकडे एक जादा फिल्टर बसवला.

तिसरा पत्रा साडेअकरा मिनिटांत निघाला. स्लॅग इतका कमी की पत्र्याच्या तुकड्याने खरवडला तरी पडला. ग्राइंडर लावलाच नाही, त्याने पूल मोडले असते. मॅट काळं पावडर कोटिंग करून घेतलं.

आबा आले. चष्मा वर सारून ‘स्मरणार्थ’वर बोट फिरवत राहिले. मग थ पाशी थांबले. “हाई काय शे भाऊ?” बोट पुलावर होतं. मी म्हटलं, “आबा, तो नसता तर थ चं पोट पडलं असतं.” त्यांनी मान हलवली आणि पैसे मोजले.

दर आधीच सांगून बसलो होतो, त्यामुळे दोन्ही पत्रे माझ्या खिशातून गेले. दुसरा दुकानामागच्या मोरीवर झाकण म्हणून टाकलाय.