न सोडलेली रिकामी ओळ

‘रोज सकाळी तुमचं सॉफ्टवेअर मला ओके सांगत होतं. मग आता फाइल परत का मिळत नाहीये?’

संदेशात एवढंच होतं, आणि खाली लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या नोंदींच्या, चार ओळी. वीस जीबीची एक फाइल रिस्टोअर होताना बरोबर दोन जीबीवर काम थांबलं होतं. कारण दिलं होतं ‘एलसीक : इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. म्हणजे फाइलमधल्या अमुक जागी जायचंय, असं आमच्या प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमला सांगितलं आणि तिने अशी जागाच नसते म्हणून ते नाकारलं.

हे नेटवर्क बॅकअपचं सॉफ्टवेअर आम्ही मोजकी माणसं मिळून लिहितो. मुक्तस्रोत आहे, कुणीही घ्यावं, वापरावं. ज्यांनी बॅक्युला हे अशाच कामाचं सॉफ्टवेअर वापरलंय त्यांना मांडणी ओळखीची वाटेल : कुठल्या मशीनचा बॅकअप कधी घ्यायचा हे एक प्रोग्रॅम ठरवतो, दुसरा डेटा साठवतो आणि प्रत्येक मशीनवर एक छोटा क्लायंट बसतो, जो फाइली वाचून पाठवतो. क्लायंट माझ्याकडे आहे. तो सी भाषेत आहे आणि जमेल तितक्या प्रकारच्या यंत्रांवर चालावा यासाठी मी वर्षानुवर्षं जीव ओतलाय. ३२ बिटांच्या जुन्या एआरएम बोर्डांसाठी, म्हणजे एआरएम प्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या संगणकांसाठीही आम्ही पॅकेज देतो, कारण असले बोर्ड कपाटाच्या कोपऱ्यात बसून मुकाट्याने काम करत असतात आणि त्यांची दखल बाकी कुणी घेत नाही.

संदेश पाठवणारे गृहस्थ एका छोट्या संस्थेचे संगणक सांभाळतात. त्यांच्या अशाच एका बोर्डाची डिस्क गेली होती. डिस्कवर एका जुन्या मशीनची अख्खी प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची एका फाइलमधली जशीच्या तशी नक्कल होती. हीच ती वीस जीबीची फाइल. तिच्यात संस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम होता, जो आता नव्याने कुठेच बसवता येत नाही. मूळ फाइल गेलेली, हातात फक्त आमचा बॅकअप.

मी पहिल्यांदा काय केलं, तर त्यांच्याकडेच बोट दाखवलं. जागा शिल्लक आहे का बघा, मेमरी तपासा, दुसऱ्या डिस्कवर रिस्टोअर करून बघा. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं केलं. प्रत्येक वेळी तेच, दोन जीबीवर. आकडा इतका गोल असताना मला लगेच कळायला हवं होतं. वापरणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार, ही आम्हा सगळ्यांना लागलेली खोड आहे आणि ती वाईट आहे.

साठवणुकीचा भाग माझी सहकारी बघते. तिने सर्व्हरवर साठवलेल्या ब्लॉकांचे नुसते मथळे छापून काढले. ‘अरे, हे बघ,’ म्हणाली. ओळीने सगळं ठीक चाललं होतं. शेवटच्या बऱ्या ब्लॉकची जागा २१४७४१८११२. त्याच्या पुढच्याची जागा १८४४६७४४०७१५६२०६७९६८. वीस आकडी! मी तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, लिहिला आणि पोटात गोळा आला. आठ एफ, मग एक आठ आणि सात शून्यं. हा मोठा आकडा नव्हताच. ही ऋण संख्या होती, जिला कुणीतरी धन समजून ६४ बिटांत कोंबलं होतं.

इथे जरा सविस्तर सांगायला हवं. मशीनच्या प्रतिमेत कधीच न वापरलेली जागा पुष्कळ असते आणि ती नुसत्या शून्यांनी भरलेली असते. ती सगळी नेटवर्कवरून पाठवण्यात अर्थ नाही. म्हणून क्लायंट फाइल ६४-६४ केबीच्या ब्लॉकांत वाचतो, पूर्ण शून्य असलेला ब्लॉक गाळतो आणि बाकीच्या प्रत्येक ब्लॉकबरोबर ‘हा फाइलमध्ये अमुक ठिकाणचा’ असा आकडा पाठवतो. हा आकडा ज्या प्रकारात ठेवतात, त्या ऑफ-टीची रुंदी ३२ बिटांच्या लिनक्सवर मुळात ३२ बिटच असते. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. पुढे गेलात की आकडा उलटून ऋण होतो. यावर फार जुना उपाय आहे : एक व्याख्या आधी करून ठेवायची, म्हणजे सी लायब्ररी ऑफ-टी ६४ बिटांचा करते. आमच्याकडे ती व्याख्या कॉन्फिग नावाच्या हेडर फाइलमध्ये आहे (हेडर म्हणजे कोडच्या फाइलीत वरती जोडायची व्याख्यांची फाइल). पण लायब्ररी तिच्याकडे बघते ते पहिलं सिस्टिम हेडर उघडताना, आणि फक्त तेव्हाच. म्हणून कॉन्फिग सगळ्यांच्या वर हवं. एकही हेडर त्याच्या आधी आलं, तर ती फाइल ३२ बिटांत संकलित होते. कोड संकलित करणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही, तुकडे जोडणारा लिंकरही नाही.

चूक पुन्हा घडवून बघायला अर्धा तासही लागला नाही. एआरएमचा क्लायंट बांधला, दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूच्या आधारे माझ्याच मशीनवर चालवला, तीन जीबीची पोकळ, म्हणजे जवळजवळ सगळी शून्यांचीच, फाइल करून शेवटी चार अक्षरं लिहिली. बॅकअप ओके. रिस्टोअर फसला. मग चूक कुठल्या बदलात शिरली ते शोधणारं ‘गिट बायसेक्ट’ लावलं आणि ते चौदा महिने मागच्या एका कमिटवर, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या बदलावर, जाऊन थांबलं. शीर्षक होतं, ‘फक्त मांडणी, वागणुकीत बदल नाही’.

तो कमिट एका विद्यार्थ्याने पाठवला होता. मोठ्या कष्टाने सगळा कोड एका साच्यात आणला होता त्याने. त्या साच्याचा एक नियम असा की सलग ओळींतली हेडरं क्रमाने लावायची, सिस्टिमची वर आणि आपली खाली. मध्ये रिकामी ओळ असेल तर ती ओलांडायची नाही. आमच्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये कॉन्फिगच्या खाली एक रिकामी ओळ आहे. पोकळ फाइली हाताळणाऱ्या या एका फाइलमध्ये ती नव्हती. कॉन्फिग तिथे सहाव्या ओळीवर घसरलं. बाकी सगळा क्लायंट ६४ बिटांचा, ही एक फाइल ३२ बिटांची. फाइल उघडण्याचं काम दुसरीकडे होतं, ते बरोबर चाललं. वाचनही दोन जीबीपुढे नीट चाललं. फक्त ‘आपण कुठे आहोत’ हे मोजणारा एक आकडा उलटत राहिला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. कॉन्फिग सर्वांत वर का हवं, हे त्या फाइलमध्ये कुठे लिहिलंच नव्हतं. नियम माझ्या डोक्यात होता. रिकामी ओळ सोडायला मी विसरलो होतो आणि दोनशेच्या वर फाइली बदलणारा तो कमिट मर्ज करून मूळ कोडमध्ये सामीलही मीच केला होता, तीन-चार फाइली चाळून, चाचण्या हिरव्या आहेत एवढं बघून. त्या चाचण्यांबद्दल तर मला संतापच आहे. ३२ बिटांचा क्लायंट आम्ही दर वेळी बांधत होतो, पण चालवत कधीच नव्हतो. चाचण्या चालायच्या ६४ बिटांवर, आणि त्यातली सर्वांत मोठी फाइल दहा एमबीची. बांधलं गेलं म्हणजे चालतंय, असं धरून आम्ही पॅकेजं देत होतो. मी ज्या-ज्या बॅकअप प्रकल्पांचा कोड वाचलाय, त्या बहुतेकांत बॅकअप घेण्यावरच्या चाचण्या ढीगभर आणि परत आणण्यावरच्या मूठभर, असंच दिसलंय.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. व्याख्या आता थेट कंपायलरच्या आज्ञेतच दिली आहे, आणि ऑफ-टी आठ बाइटांचा नसेल तर बिल्डच मोडेल अशी अट प्रत्येक फाइलमध्ये घातली आहे. पण त्या गृहस्थांचा हिशेब परत कसा आणायचा?

डेटा सर्व्हरवर होता. ब्लॉकही फाइलमधल्या क्रमानेच साठवलेले होते. फक्त जागांचे वरचे ३२ बिट खोटे होते. खालचे ३२ खरे. म्हणजे ओळीने चालत जायचं आणि खालचा आकडा कमी झाला की समजायचं, चार जीबीची एक फेरी पूर्ण झाली (ऋण चिन्ह न धरता ३२ बिटांत चार जीबीपर्यंत मोजता येतं). वीस जीबीच्या फाइलमध्ये शेवटचा ब्लॉक शून्य असला तरी आम्ही पाठवतोच, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत अशा चार फेऱ्या दिसायला हव्या होत्या. दिसल्या तीन! कुठेतरी चार जीबीहून मोठं भोक, म्हणजे गाळलेल्या शून्यांची सलग जागा, होती आणि एक फेरी त्यात बुडाली होती.

माझ्या सहकारीने इथे जे सुचवलं त्याचं मला अजून कौतुक वाटतं. प्रतिमेत ईएक्सटी४ फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची लिनक्समधली एक पद्धत होती. ती डिस्कचे १२८ एमबीचे गट पाडते आणि आपल्या सुपरब्लॉकच्या, म्हणजे स्वतःबद्दलच्या मुख्य माहितीच्या, नकला ठरावीक गटांतच ठेवते : १, आणि मग ३, ५, ७ यांचे घात. म्हणजे आमच्या वीस जीबीत १, ३, ५, ७, ९, २५, २७, ४९, ८१ आणि १२५. शिवाय प्रत्येक नकलेत ‘मी अमुक गटातली’ हे लिहिलेलं असतं. ‘हे मैलाचे दगड आहेत,’ ती म्हणाली. आम्ही ते ब्लॉकांच्या रांगेत शोधले. ८१व्या गटाचा दगड सव्वादहा जीबीच्या जरा अलीकडे, आमच्या मोजणीप्रमाणे अगदी जागेवर. १२५व्याचा मात्र चार जीबी कमी दाखवत होता. हरवलेली फेरी या दोन दगडांच्या मध्ये होती.

मधे डेटाचे एकोणीस सलग तुकडे, म्हणजे भोक असू शकेल अशा वीस जागा. फाइल सिस्टिम आपली कुठली जागा वापरात आहे हे नोंदवून ठेवते, त्या नोंदीशी एकेक शक्यता ताडून बघितली. अठरा बाद झाल्या. उरलेल्या दोनमध्ये फरक फक्त एका तुकड्याचा होता, ३२० केबी. तो भोकाच्या अलीकडचा की पलीकडचा? दोन्ही ठिकाणच्या जागा वापरात होत्या. दोन्ही शक्यतांची प्रतिमा एफएससीके या तपासणीच्या साधनाने स्वच्छ ठरवली, कारण ते फाइल सिस्टिमची रचना तपासतं, फाइलींच्या आतला मजकूर नाही. त्या मजकुराची पडताळणीची बेरीज ईएक्सटी४ ठेवतच नाही.

आमचं सॉफ्टवेअर ठेवतं. वाचतानाच अख्ख्या फाइलचा शा-२५६, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून तो सूचीत नोंदवण्याची सोय आहे. ती नोंद असती तर दोन्ही प्रतिमांचा शा काढून काही मिनिटांत निकाल लागला असता. त्यांनी सोय बंद ठेवली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘अहो, तुमच्याच माहितीपुस्तिकेत आहे ना, प्रोसेसर मंद असेल तर बंद करा म्हणून.’ ते वाक्य माझं आहे. कधी लिहिलं तेही आठवतंय. वेगाच्या तक्रारी फार येत होत्या.

शेवटी त्या ३२० केबीतले बाइट समोर ठेवून दोघंही बघत बसलो. एका जागी हिशेबाच्या जुन्या नोंदींची फाइल होती, दुसरीकडे स्कॅन केलेली कागदपत्रं. बाइट दाबून बसवलेल्या चित्रासारखे विस्कळीत दिसत होते. आम्ही तुकडा स्कॅनमध्ये ठेवला. ते चित्र पूर्ण उघडलं. गृहस्थांनी प्रतिमा सुरू केली, प्रोग्रॅम चालला, वर्षअखेरच्या बाक्या त्यांच्या छापील वहीशी जुळल्या. त्यांनी फोन केला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं, आणि मलाही.

नवीन आवृत्तीची सूचना लिहिताना आमचं दोघांचं वाजलं. मी लिहिलं होतं, ‘काही परिस्थितींत मोठ्या पोकळ फाइली परत मिळण्यात अडचण येऊ शकते.’ तिने ते खोडलं आणि लिहिलं, ‘तुमचा बॅकअप ओके म्हणत असला तरी चुकीचा आहे.’ तिचंच बरोबर होतं. त्यात तिने आणखी एक गोष्ट घातली, जी माझ्या लक्षातच आली नव्हती. नुसता क्लायंट बदलून भागत नाही. वाढीव बॅकअप, म्हणजे फक्त बदललेल्या फाइलींचा बॅकअप, फाइलची तारीख बघतो. प्रतिमा बदललेली नसेल तर नवा क्लायंट तिला हात लावत नाही आणि सर्व्हरवर तीच चुकीची प्रत राहते. एकदा पूर्ण बॅकअप जबरदस्तीने घ्यायलाच हवा. हे आम्ही ठळक अक्षरांत सर्वांत वर छापलं. किती जणांनी वाचलं असेल, ही काळजी आहेच. रोजचा ओके बघून लोक निश्चिंत असतात, आणि ती सवय आम्हीच लावलेली.

आणखी एक काम उरलंय. १९ जानेवारी २०३८ला ३२ बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ असंच उलटणार आहे, आणि त्यावरचा लायब्ररीतला उपायही असाच आहे : वेळेवर केलेली एक व्याख्या. प्रत्येक फाइल त्या नजरेने पुन्हा तपासतोय. निम्म्या झाल्यात.

गेल्या आठवड्यात त्या गृहस्थांचा पुन्हा संदेश आला. प्रतिमेतलं एक जुनं पत्र उघडत नाहीये. ते आधीपासूनच खराब होतं का, ते त्यांना आठवत नाही. मी त्या फाइलची जागा काढली. ती आमच्या त्या दोन जागांपैकी कुठेच नाही, पण ८१ आणि १२५च्या मधे आहे. भोकाच्या वीस जागा मोजताना मी धरून चाललो होतो की सलग दिसणारे ब्लॉक खरोखरच सलग आहेत. एखाद्या तुकड्याच्या पोटातच भोक नेमकं चार जीबीचं असेल, तर शेजारच्या आकड्यांवरून ते दिसणारच नाही. मी त्यांना ‘बघून सांगतो’ असं कळवलंय. ब्लॉकांची यादी जपून ठेवली आहे आणि आज रात्री ती पुन्हा पहिल्यापासून काढणार आहे.