कात्रीची धार आणि धंद्याची आयडिया

नाशिकमध्ये कोणालाही विचारा की काय धंदा करू, उत्तर ठरलेलं असतं, गंगापूर रोडला कॅफे टाक नाहीतर मिसळ सुरू कर, आणि सध्या त्यात भर म्हणजे 2026-27 चा सिंहस्थ, लॉजिंग कर, पार्किंगला जागा घे. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा येते, माझा सगळा विचार तिथून फिरला.

मी सातपूर एमआयडीसीत टूल रूमला आहे. एन्ड मिल, ड्रिल, रीमर असली धातू कापायची हत्यारं बोथट झाली की त्यांना परत धार द्यायची हे रोजचं काम. मला ते मनापासून आवडतं, म्हणजे शिफ्ट करून घरी आलो तरी किचनमधली सुरी घेऊन दगडावर बसतो आणि कागद सर्रकन कापला गेला की जाम बरं वाटतं. पण याचा धंदा होईल असं कधी डोक्यातच आलं नाही, कारण आवड म्हटलं की आपल्याला फोटोग्राफी, कुकिंग, गाणं असलंच काहीतरी आठवतं, ज्या कामाचा पगार मिळतो त्याला आपण आवड म्हणतच नाही.

डोक्यात आलं ते घरी येणाऱ्या पिशव्यांमुळे. मावशी शिवणकाम करते तिची कात्री, शेजारच्या काकूंची विळी, दिंडोरीकडच्या मेहुण्याचे सिकेटर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या, त्याच्या ओळखीच्यांचे अजून चार. मी कोणाला सांगायला गेलो नव्हतो, लोक आपले आणून देत होते. म्हणून आता कोणी मला विचारलं की आयडिया कशी शोधायची तर मी म्हणतो, आवडीची यादी नंतर कर, आधी बघ लोक न बोलावता तुझ्याकडे कुठलं काम घेऊन येतात. कोणाला एक्सेल विचारतात, कोणाला पोरांचं गणित, कोणाला गावाकडचा मसाला. तुम्हाला ते सोपं वाटतं म्हणून त्याची किंमत तुमच्या लक्षात येत नाही.

मग ऑक्टोबर छाटणीला मुद्दाम मेहुण्याच्या बागेत गेलो. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीच्या मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात, बहुतेक काम उक्तं, म्हणजे जेवढी बाग लवकर उरकेल तेवढा त्यांचा फायदा. मुकादम म्हणाला, "भाऊ, कात्री बोथट झाली का संध्याकाळपर्यंत हात भरून येतो." आणि बागायतदाराचं दुखणं वेगळंच, बोथट पातं काडी कापत नाही, चेचतं, टोक फाटतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, नवीन कात्री महाग, आणि धार लावून आणली तर दोन दिवस टिकत नाही."

का टिकत नाही ते मला हातात घेतल्या घेतल्या दिसलं. सिकेटरच्या पात्याला एकाच बाजूनं उतार असतो, दुसरी बाजू सपाट, ती सपाटच राहिली पाहिजे. सुरीसारखी दोन्हीकडून घासली की पातं आणि खालचा हूक यांच्यात फट पडते आणि काडी मध्ये अडकते. दुसरं म्हणजे कोरड्या चाकावर जोरात दाबून धरलं की पातं तापतं, कडेला निळसर रंग आला की समजा पाणी उतरलं, मग कितीही धार लावा, पोलाद तिथं मऊ झालेलं असतं. हे टूल रूमला कोणीही सांगेल, पण बागेत सांगणारं कोणी नाही, आणि माझ्या मते धंद्याची जागा तिथंच असते, एका ठिकाणची साधी माहिती दुसरीकडे कोणाकडेच नसते.

आता पैसे. घरच्यांकडून मी घेत नाही, त्यामुळे त्यांनी वाहवा केली ती मी हिशोबात धरलीच नाही. शेजारच्या बागायतदाराला आधीच रेट सांगून काम केलं, त्यानं दिले, आणि पुढं मण्यांच्या विरळणीच्या वेळी बारीक टोकाच्या कात्र्यांचा गठ्ठा परत घेऊन आला. मला तो दुसऱ्यांदा आला हे महत्त्वाचं वाटलं.

ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी, मधल्या महिन्यांचं काय हा प्रश्न आहेच. त्यासाठी टेलर आणि केटरिंगवाले धरतोय. सलूनच्या कात्र्या मात्र सध्या घेत नाही, त्यांची धार गोलाईची असते, त्याला वेगळा सेटअप आणि वेगळा हात लागतो, तो शिकल्याशिवाय कोणाची महागडी कात्री हातात घेणं बरोबर नाही.

नोकरी सोडलेली नाही, सोडायची घाईही नाही. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घेतलं, सरकारी साइटवर आधारवरून फुकट होतं, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. खरड छाटणीच्या आधी सुट्टीच्या दिवशी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला पातं तापू नये म्हणून पाण्यात फिरणाऱ्या चाकाचं छोटं ग्राइंडर घेऊन बसायचं ठरवलंय, शेतकरी बाजाराचं काम उरकेपर्यंत त्याची कात्री तयार. त्या भागात कोणाकडे शेडखाली लाइटची सोय असलेली थोडी जागा असेल तर नक्की सांगा.