सही करू का, ताई?

माझं सदर रविवारी छापून येतं आणि सोमवारी सकाळपासून फोन सुरू होतात. काही कौतुकाचे, काही रागाचे, पण बहुतेकांत एकच प्रश्न असतो: 'ताई, मग मी आता काय करू?' शेतातल्या बाईच्या हक्कांवर लिहिणारीला हा प्रश्न टळत नाही. मी अमळनेरला बसून लिहिते. वाचणारी कधी शिरपूरकडची असते, कधी पारोळ्याची. तिच्या घरात कोण कसं वागतं, याचा मला पत्ता नसतो. तरी तिला उत्तर हवं असतं, आणि तेही लगेच.

मे संपत आला होता. त्या सोमवारी फोनाऐवजी बाईच दारात आली. चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातून पहिली एसटी पकडून, तापी ओलांडून आलेली. पिशवीत सदराचं कात्रण, सातबारा आणि टाइप केलेलं हक्कसोडपत्र. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. अडीच एकर जमीन त्याच्या नावावर, केळीची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड, करायची वेळ तोंडावर आलेली. दीर म्हणत होता, तू सही करून मोकळी हो, पोरीच्या लग्नाचं मी बघतो. दुसऱ्याच दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जायचं ठरलं होतं.

'तुम्ही सांगाल तसं करते,' ती म्हणाली.

'सही करू नका' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. इतकी वर्षं नवरा सांगेल तसं, आता दीर सांगेल तसं, आणि उद्यापासून मी सांगेन तसं? त्यात तिचं काय बदललं असतं? शिवाय रात्री घरात आवाज चढले की तिथे तीच असणार होती, मी नव्हे.

चहा झाल्यावर आम्ही सातबारा उघडून बसलो. तिने कागदावर बोट ठेवलं. 'यामा मन्हं नाव शे का?' नव्हतं. वारस नोंदच झालेली नव्हती. मग मी सावकाश सांगत गेले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवऱ्यामागे बायको, मुलगी आणि त्याची आई, तिघींचा सारखा हिस्सा. या तिघी असताना दिराला वारसाने काही मिळत नाही. सासूचं नाव ऐकून ती चमकली. 'त्यांचाही?' तुमच्याइतकाच, मी म्हटलं. तिला आवडेल तेवढंच सांगायचं, हे मला मान्य नाही. लेक कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली आहे, तिच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून तुमचं नाव लागेल, पण कोर्टाच्या परवानगीशिवाय तिचा हिस्सा तुम्हालाही सोडता येत नाही. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की आपल्या मनाने मागे घेता येत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो. चोपड्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे सगळं मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

'तुम्ही माझ्या जागी असत्या तर?'

बँकेतली नोकरी सोडून मी लिहायला बसले तेव्हा सगळ्यांचं ऐकलं होतं आणि ठरवलं एकटीने. पुढचे वाईट दिवस त्यामुळेच सोसता आले. हे मी तिला सांगितलं. पण माझ्या पाठीशी शिल्लक होती, तुमच्या पाठीशी नाही, हेही सांगितलं. माझ्यावरून तुमचं ठरवू नका. ती बराच वेळ बोलली नाही. मग मसुदा घडी घालून पिशवीत ठेवला आणि बाराच्या गाडीला निघाली.

संध्याकाळी दिराचा फोन. 'चांगल्या घरात फूट पाडता तुम्ही!' त्यांना मी पुरतं बोलू दिलं. रागावलेला वाचकही वाचकच असतो, आणि त्याला अर्ध्यात तोडलं की पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. भावाच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च त्यांनीच उचलला होता. हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते थोडं नव्हतं. मी म्हटलं, भाऊ, तो हिशोब वहिनींपुढे जरूर मांडा, पण जमिनीच्या सहीत मिसळू नका. मग सकाळी जे तिला सांगितलं होतं, ते जसंच्या तसं त्यांनाही सांगितलं. तेच तीन वारस, तोच कायदा. फोन त्यांनी रागातच ठेवला.

पावसाळा लागल्यावर तिचा फोन आला. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला होता, सही केली नव्हती. केळीची लागवड मात्र तिने दिरालाच निम्म्या वाट्याने दिली होती. मला ते पटलं नाही. ज्याने कालपर्यंत सही मागितली त्याच्याच हातात शेत? मी गावातल्या दुसऱ्या कुणाला दिलं असतं. पण ती सांगत होती, विचारत नव्हती. पाण्याची पाळी दिरालाच जमते, मजूर त्याचंच ऐकतात, आणि दवाखान्याचे पैसे त्याच्या वाट्याबाहेरून, घड कापणीनंतर ती स्वतः फेडणार होती.

'निम्म्या वाट्याचं तेवढं लेखी करून घ्या,' मी म्हटलं.

'घेतलं ना ताई,' ती म्हणाली, 'सासूबाईंचा अंगठा साक्षीला घेतला.'