बदली तासांची वही

वर्ष सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते, तेव्हा बदली तास लावायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी कोण रजेवर आहे ते बघायचं, त्यांच्या वर्गांवर कोणाला पाठवायचं ते ठरवायचं आणि पहिल्या घंटेच्या आत तक्ता लावायचा. शाळेत दोन जागा रिकाम्या होत्या, भरतीला मंजुरी नव्हती. त्या जागांचे तास आम्हीच वाटून घेतलेले. बाहेरून तासापुरतं कोणाला बोलवायला जे पैसे ठेवले होते, ते पहिल्या सहामाहीतच संपले.

सुरुवातीला जे 'नाही' म्हणत नाहीत, त्यांनाच मी पाठवत गेले. विज्ञानाच्या एका सरांचे आठवड्यात सहा तास मोकळे होते, त्यातले पाच मी घेतले. शनिवारी ते म्हणाले, "मॅडम, वह्यांचे तीन गठ्ठे तसेच पडलेत. तपासू कधी?" मला उत्तर देता आलं नाही. वह्या तपासणं, प्रश्नपत्रिका काढणं, पालकांशी बोलणं हे सगळं त्या मोकळ्या तासातच होतं. तो तास मी काढून घेतला की काम त्यांच्या घरी जातं. त्या दिवशी मी वही घातली: कोणी किती बदली तास घेतले. आठवड्याला एकाला दोनपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, असं ठरवलं.

मग तिघं एकदम आजारी पडले की वर्ग एकत्र करावे लागत. सभागृहात दोन तुकड्या बसवल्या की वाचन नाहीतर चाचणी, एवढंच शक्य होतं. लहान मुलांना चार-चार करून दुसऱ्या वर्गांत बसवणं मात्र मी बंद केलं. ती दिवसभर बावरलेली असायची. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाकडून एक फाइल तयार करून घेतली. कोणीही घेऊ शकेल असा उतारा, सोडवलेलं एक उदाहरण, त्यासारखी चार. नुसतं 'पुढचा धडा वाचा' लिहिलेलं मी परत करत असे.

एका सकाळी तापाने फणफणलेल्या सहकारी बाईंचा फोन आला आणि माझ्या तोंडून गेलं, "आजच?" त्यांनी माफी मागितली. ते मला आजही लागतं. आजारी माणसाने रजा घेतली यात चूक काय? माणसं मुळातच कमी होती. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालात वाचलं की २०३० पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक मिळून आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील. प्राथमिक शिक्षकांचं नोकरी सोडण्याचं प्रमाणही २०१५ मध्ये ४.६ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ९ टक्क्यांवर गेलं. पाच-पाच बदली तास घेणारे सर डोळ्यांसमोर आले.

दुसऱ्या सहामाहीत आठवी 'ब' मधली एक मुलगी जिन्यात थांबवून म्हणाली, "बाई, आमचं गणित कधी होणार?" मी वही उघडली. शिक्षकांचा हिशोब चोख होता. कोणत्या वर्गाचा कोणता विषय बुडाला, ते कुठेच नव्हतं. जुने तक्ते काढून मोजलं: सहा आठवड्यांत छत्तीसपैकी अकरा तास गणित झालंच नव्हतं. प्रत्येक तासाला वर्गावर कोणीतरी होतं, म्हणून मी निश्चिंत होते.

वहीत तिसरा रकाना आला. त्यानंतर एक-दोन दिवसांची रजा असेल तर अदलाबदल सुरू केली. गणिताच्या बाई आज नाहीत, तर इतिहासाचे सर आपला उद्याचा तास आज घेतात आणि उद्याचा बाईंना देतात. जादा तास कोणावर पडत नाही, गणितही बुडत नाही. लांबच्या रजेला आणि रिकाम्या जागेला मात्र याचा उपयोग नाही. तिथे शिक्षकच नेमावा लागतो. तेच मी तिसऱ्या रकान्यातल्या आकड्यांसकट व्यवस्थापनाला लिहून दिलं. एक जागा मंजूर झाली, दुसरी अजून नाही.

या वर्षी ते काम दुसऱ्या बाईंकडे गेलं. वही देताना शेवटच्या पानावर लिहिलं: आठवी 'ब', आता नववी 'ब', गणिताचे चार तास देणं बाकी.